आधी नाव झाक

“आधी नाव झाक.”

पडद्यावर एमआरआयचं चित्र उमटायच्या आत क्ष-किरण विभागातल्या डॉक्टर मॅडम हे स्वतःलाच बजावायच्या. पाठोपाठ पांढऱ्या कोटाच्या खिशातून चिकटपट्टीचं रीळ निघायचं. सलाईनची सुई हलू नये म्हणून दवाखान्यात लावतात ना, ती पांढरी पट्टी. तिचा एक तुकडा त्या दातांनी तोडायच्या आणि पडद्याच्या कोपऱ्यावर, जिथे पेशंटचं नाव, वय आणि गाव लिहून येतं, तिथे अंगठ्याने दाबून बसवायच्या. मग खुर्ची पुढे ओढायच्या आणि कामाला लागायच्या.

दुपारनंतर त्याच खुर्चीत दुसरे डॉक्टर बसायचे. ते पुटपुटत पट्टी सोलून काढायचे. सकाळी मॅडम नवी लावायच्या. त्या कोपऱ्यात गोंदाचा मळकट चौकोन कायमचा बसला होता आणि सफाईवाल्या मावशींनी त्याच्यापुढे केव्हाच हात टेकले होते.

मी इंजिनियर माणूस. मला हा प्रकार बघवेना. एक दिवस मी म्हटलं, “मॅडम, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव लपवायची सोय आहे. एक बटण दाबलं की झालं.”

“असन,” त्या म्हणाल्या. “पण पट्टी लावली का नाही ते मले दिसते. बटण दाबलं होतं का नाही, ते मले कसं दिसन?”

 मी त्यांना चहा सांगितला.

तुमच्याही ओळखीत असा कोणी असेल, ज्याचा सगळा स्वभाव एखाद्या खोडीत सापडतो. मॅडमचा या पट्टीत होता. आम्ही सगळे तिला मॅडमचं खूळ म्हणायचो. खूळ कसलं, ते कळायला मला बराच काळ लागला.

आधी माझं त्यांच्याकडे काय काम होतं ते सांगतो. नागपुरातल्या एका लहानशा कंपनीत आम्ही काही मंडळी मेंदूच्या चित्रांतली गाठ मोजणारं सॉफ्टवेअर तयार करत होतो. गाठ असो, सूज असो की जुना डाग, दवाखान्यात या सगळ्याला लेजन असं एकच नाव आहे. ते मागच्या वेळेपेक्षा वाढलं, घटलं की तेवढंच राहिलं, यावर पुढचे उपचार ठरतात. मोजणारं यंत्र बनवणं तसं सोपं आहे. ते बरोबर मोजतं हे सिद्ध करणं महाकठीण. त्यासाठी आधी असा माणूस शोधावा लागतो, ज्याच्या मापावर सगळ्यांचा विश्वास आहे. आम्ही एका मोठ्या दवाखान्याच्या क्ष-किरण विभागात गेलो आणि विचारलं, तर ज्याने त्याने मॅडमच्या खोलीकडे बोट दाखवलं.

एमआरआयमध्ये मेंदू कांद्याच्या चकत्यांसारखा एकामागे एक दिसतो. प्रत्येक चकतीवर गाठीच्या कडेने माउसने रेघ ओढायची. सगळ्या चकत्या मिळून गाठीचं माप निघतं. ऐकायला सोपं वाटतं. पण गाठीची कड अशी रांगोळीसारखी आखलेली नसते. ती पुसट होत होत चांगल्या मेंदूत विरून जाते. एक डॉक्टर म्हणतो इथे संपली, दुसरा म्हणतो अजून थोडी पुढे. दोघेही शिकलेले, दोघेही शहाणे.

पहिल्या दिवशी मी मोठ्या रुबाबात सांगितलं, “मॅडम, तुमची रेघ म्हणजे खरं उत्तर. आमचं यंत्र तुमच्याशी ताडून बघायचं.”

त्या चष्म्यातून माझ्याकडे पाहत राहिल्या. दोन चष्मे होते त्यांचे. एक चित्रं पाहायचा, एक माणसं पाहायचा. त्या वेळी नाकावर चित्रांचा होता, त्यामुळे मी त्यांना धूसर दिसत असणार.

“बाबू,” त्या म्हणाल्या, “मी माह्याशीच जुळते का नाही, ते तर पाह्य आधी.”

आणि खरोखर त्यांनी तेच करायला लावलं. आज काढलेली रेघ मी लपवून ठेवायची. काही आठवड्यांनी तेच चित्र दुसऱ्या चित्रांत मिसळून पुन्हा त्यांच्यापुढे ठेवायचं. त्या नव्याने रेघ काढणार. मग दोन्ही रेघा एकावर एक ठेवून पाहायच्या. जुळल्या तर त्या नुसतं “हं” करायच्या. जुळल्या नाहीत तर मात्र त्यांचा दिवस नासायचा.

“कोण बसली होती गा त्या दिवशी या खुर्चीत?” त्या मला विचारायच्या. “अशी रेघ काढते का कोणी? हिला डिग्री कोणी दिली?”

“तुम्हीच होतात, मॅडम.”

“तेच तर म्हणून राहिली मी. परत काढू.”

परत काढू, हे त्यांचं दुसरं पालुपद. याच्यामुळे आमचं काम इतकं रेंगाळलं की कंपनीचे साहेब माझ्यावर डाफरायला लागले. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं तर मॅडम म्हणायच्या, “मी माह्याशीच नाही जुळत, दुसऱ्याशी कुठून जुळू?” आणि मग एकट्याच मोठ्याने हसायच्या.

दुपारनंतर खुर्चीत बसणारे ते दुसरे डॉक्टर तरुण होते, हुशार आणि उतावळे. आमच्या अभ्यासात पहिली रेघ ते काढायचे. त्यांची रेघ आणि आमच्या यंत्राची रेघ फारच वेगळी निघाली, की ते चित्र निवाड्यासाठी मॅडमकडे जायचं. मॅडमची पट्टी त्यांना मुळीच पटत नव्हती. एकदा त्यांनी हटकलंच. “मॅडम, पेशंटचं वय तर माहीत पाहिजे ना. वय माहीत नसताना काय बघायचं?”

“निदान करायले पाहिजे,” मॅडम म्हणाल्या. “तेव्हा नाव, वय, गाव, पोटात काय दुखते, सारं विचारा. मोजायले नाही पाहिजे.”

“काय फरक पडतो?”

मॅडमनी माउस सोडला. खुर्ची वळवली. नाकावर माणसांचा चष्मा चढवला.

“मागं एक पोरगी आली होती कुहीकडची. कडेवर लेकरू. मी तिच्याशी बोलली, लेकराले बिस्कीट दिलं. मग येऊन गाठ मोजली. पहिल्यापेक्षा लहान निघाली. सारे खूश. नंतर मलेच शंका आली म्हणून परत काढली, तर लहान बिहान काही नव्हती. होती तेवढीच होती. मी रेघ आत घेतली होती. मुद्दाम नाही घेतली, डॉक्टर. हातानं घेतली.” त्यांनी उजवा हात उलटा सुलटा करून स्वतःच पाहिला. “हाताले दया येते. म्हणून हाताले नाव नाही सांगायचं.”

 त्या दुपारी तरुण डॉक्टर खुर्चीत बसले तेव्हा पट्टी सोलायला त्यांनी जरा वेळ लावला, हे मी पाहिलं.

मॅडमचं सगळंच इतकं गंभीर असायचं असं मात्र समजू नका. दिवाळीच्या आधीची गोष्ट. त्या सकाळी पिशवीत सीताफळं घेऊन आल्या. मला वाटलं, वाटायला आणली असतील. तर म्हणाल्या, “मशीन रिकामी आहे का? याचा एमआरआय करायचा आहे.”

तंत्रज्ञ हसायला लागला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की माणसाच्या डोक्यातल्या गाठीचं खरं माप कोणालाच माहीत नसतं. आपण एकमेकांच्या रेघा पाहून मान डोलावतो, एवढंच. डोकं उघडून कोण बघणार? सीताफळ उघडता येतं. पांढरा गर, आत काळ्या बिया. मेंदूतल्या डागांसारख्याच त्या चित्रात दिसणार. मोजा, आणि मग फळ फोडून खरोखर मोजून पाहा.

सीताफळ पेशंटच्या जागी बोगद्यात गेलं. त्याची चित्रं आली. मॅडमनी रेघा काढल्या, आमच्या यंत्राने काढल्या. पडद्याच्या कोपऱ्यात नाव कसलं असणार, पण पट्टी तिथेही लागली. मग आम्ही सगळ्यांनी मिळून ते फळ खाल्लं. बिया धुऊन पुसून ओळीने मांडल्या आणि मॅडम बारीक मापं घेणारा व्हर्नियर घेऊन एकेक बी मोजायला बसल्या. आमच्या यंत्राची मापं जवळपास बरोबर आली. मॅडमची थोडी मोठी आली.

“काहून मोठी निघाली?” त्या स्वतःलाच विचारत होत्या. “सीताफळाची तर दया नाही आली मले.”

“उलट झालं असेल,” मी म्हटलं. “दया येईल या भीतीने तुम्ही रेघ बाहेर घेत असाल.”

मी हे गमतीत बोललो होतो. मॅडम मात्र हातात बी धरून बराच वेळ विचारात पडल्या. नंतरच्या आठवड्यांत त्यांच्या रेघा किंचित आत आल्या आणि स्वतःशी जास्त जुळायला लागल्या. काम करून घ्यायला आलेला मी, त्या माणसाच्या प्रेमात कधी पडलो ते नेमकं सांगता येणार नाही. पण विचारलंच तर मी ती सीताफळाची दुपार सांगेन.

आता त्यांच्या भावाबद्दल सांगायला हवं.

मॅडमचा धाकटा भाऊ कन्हानला राहायचा. धंद्याने तो मंडप आणि लाउडस्पीकरवाला, पण खरी ओळख माइकवरचा माणूस. लग्न असो, जयंतीचा कार्यक्रम असो, टेनिस बॉलची मॅच असो, कन्हानला माइक त्याच्याच हाती. त्याच्या डोक्यात डाव्या बाजूला गाठ होती. किरणांचा शेक देऊन झाला होता, गोळ्या चालू होत्या आणि दर काही महिन्यांनी तो तपासणीला आमच्या इथे यायचा. मशीनमध्ये पेशंटशी बोलायला एक छोटा माइक असतो. त्याला तेवढं पुरे. आत आडवा पडल्या पडल्या सुरू व्हायचा, “तर रसिकहो, आपल्यापुढे आता सादर होत आहे माझं डोकं. कृपया टाळ्या वाजवू नका, चित्र हलते.” तंत्रज्ञ त्याच्या तारखेची वाट बघायचे.

तो आला की मॅडम जिन्याने खाली निघून जायच्या. बाहेर कडुलिंबाखालच्या बाकावर बसायच्या. त्याची चित्रं त्यांनी कधी उघडली नाहीत. रिपोर्ट तरुण डॉक्टर करायचे, मॅडम फक्त विचारायच्या, “तसंच आहे ना?” आणि “तसंच आहे” ऐकलं की खालच्या टपरीवरून सगळ्यांसाठी आलूबोंडे यायचे. भाऊ आहे म्हणून बघत नाही, एवढंच आम्ही समजत होतो.

त्या हिवाळ्यात निवाड्याची चित्रं घेऊन मी नेहमीप्रमाणे त्यांच्याशेजारी बसलो. कोणती चित्रं यायची ते यंत्रच ठरवायचं. नावं मी काढून टाकलेलीच होती, वर मॅडमनी पट्टीही लावली. दोन तीन झाली. पुढचं चित्र पडद्यावर आलं. मॅडमचा हात माउसवर गेला आणि तिथेच थांबला.

त्यांनी चकत्या पुढे सरकवल्या. मागे सरकवल्या. गाठ त्या बघतच नव्हत्या, कवटी बघत होत्या. मग त्यांनी माउस माझ्याकडे ढकलला.

“हा मी नाही काढणार.”

“काय झालं, मॅडम?”

“हा माह्या घरचा होय.”

मी म्हटलं, “नाव तर झाकलंय.”

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. कवटीची मागची उजवी बाजू थोडी चपटी होती. मला दाखवल्याशिवाय दिसली नसती.

“माय कामाले जायची. मले सांगून जायची, पोराची कूस बदलत जाजो. मी शाळेचं पुस्तक घेऊन बसायची, विसरून जायची. तो आपला एकाच कुशीवर, दाराच्या उजेडाकडं तोंड करून पडून राहायचा. डोकं चपटं झालं त्याचं. मायनं किती तेल लावलं, किती चोळलं, पण राहिलं ते राहिलंच. हे डोकं मी मांडीवर घेतलं आहे, बाबू. याले नाव कशाले पाहिजे?”

मी चित्र बंद केलं. पण जे कळायचं ते त्यांना कळलं होतं. निवाड्याच्या चित्रांत ते आलं, म्हणजे तरुण डॉक्टरांची रेघ आणि यंत्राची रेघ जुळली नव्हती. डॉक्टरांनी तसंच आहे असं लिहिलं होतं. मग यंत्र काय म्हणत होतं?

“वाढली म्हणते का?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. खोटं बोलणं मला त्यांच्यासमोर कधी जमलंच नसतं.

हा आमच्या अभ्यासाचा प्रश्न राहिला नाही. ज्या सर्जनकडे भावाचे उपचार चालू होते, त्यांना मॅडमनी स्वतः जाऊन सांगितलं की मापात मतभेद आहे. सर्जन म्हणाले, गाठ वाढली असेल तर गोळ्या निरुपयोगी आहेत, लवकर काढावी लागेल, नाहीतर जिवाशी गाठ आहे. पण ती बोलण्याच्या जागेला अगदी लागून आहे. काढताना त्याचं बोलणं जाऊ शकतं, थोडं किंवा सगळं. वाढली नसेल तर उगाच हात लावायचा नाही. दुसऱ्या एका ज्येष्ठ डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी कड पुसट आहे, दोन्हीकडून बोलता येईल, असं सांगून हात झटकले. शेवटी सर्जनने मॅडमलाच गळ घातली. “तुमचं माप द्या. मी त्याच्यावर जातो.”

म्हणजे भावाचा माइक एका पारड्यात आणि जीव दुसऱ्यात, आणि तराजू मॅडमच्या हाती.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. नाकावर माणसांचा चष्मा होता.

“तुले चित्रातून कवटी काढता येते ना?”

“येते.”

“काढ. नुसता मेंदू ठेव. आरसा कर, डावं उजवं होऊ दे. जुनी तपासणी कोणती, नवी कोणती, सांगू नको. अशाच गाठी असलेल्या बाकीच्या लोकांच्या आण आणि त्याच्यात मिसळ. सगळ्या दोन दोनदा ठेव. मी त्या सगळ्या काढते. मधात मी काही विचारलं तरी सांगू नको. मी रडली तरी नको सांगू.”

मी तसं केलं. पुढचे काही दिवस त्या रोज येऊन बसल्या. पट्टी लागली. चित्रामागून चित्र आलं. कोणतं भावाचं, ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं आणि मला ते नको होतं. त्याचं पहिलं चित्र आलं तेव्हा मी खिडकीबाहेर पाहायला लागलो. माझ्या चेहऱ्यावरून कळायला नको. मग वाटलं, खिडकीबाहेर पाहण्यावरूनही कळेल. म्हणून पुढची सगळी चित्रं होईपर्यंत मी खिडकीबाहेरच पाहत राहिलो. समोरच्या गच्चीवर एक बाई गहू वाळत घालत होती. मॅडमच्या माउसची टिकटिक मला आजही ऐकू येते. ती कुठे अडखळली नाही, कुठे घाई केली नाही.

सगळं झाल्यावर मी आकडे काढले. नव्या तपासणीतली गाठ मॅडमच्या रेघेत स्पष्ट मोठी होती. दोन्ही वेळा. पुसटपणाची सबब सांगावी, एवढीही जागा त्यांनी ठेवली नव्हती. आमचं सॉफ्टवेअर बरोबर निघालं. साहेबांनी ऐकलं असतं तर पेढे वाटले असते. मला त्या यंत्राचा इतका राग आला, की मी ते बंद करून जिन्यावर जाऊन बसलो.

मॅडम तिथेच आल्या. शेजारी बसल्या.

“दोन्ही वेळा?” त्यांनी विचारलं.

“दोन्ही वेळा.”

“माही माह्याशी जुळली?”

“जुळली, मॅडम.”

“मग खरं आहे,” त्या म्हणाल्या. चष्मा काढून त्यांनी कोटाच्या बाहीने पुसला. आधी काच पुसली, मग डोळे. “सर्जनले तू सांग. मी कन्हानले जाते. त्याले मीच सांगते म्हणलं आहे.”

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी वॉर्डात गेलो. भावाचं डोकं भादरलेलं होतं आणि ती चपटी बाजू आता कोणालाही दिसली असती. मला पाहताच त्याने पाण्याची बाटली माइकसारखी धरली. “तर मंडळी, थोड्या विश्रांतीनंतर आपण पुन्हा भेटू.” आजूबाजूच्या खाटांवरचे पेशंट हसले. मग बाटली खाली ठेवून तो बहिणीकडे वळला. “ताई, पट्टी लावून मोजलं ना?”

“लावून मोजलं.”

“मग बरोबर असन.” आणि तो उशीवर टेकला.

तो वाचला. गाठ बरीचशी निघाली. बोलणंही गेलं नाही, म्हणजे वाक्यं गेली नाहीत. गेली ती नावं. वस्तूंची, माणसांची, गावांची. “ते दे ना, ज्याच्यात पाणी पेते ते,” असं म्हणायचा आणि तांब्याकडे हात करायचा. ज्या माणसाने कन्हानच्या कितीतरी लग्नांत व्याह्यांची, मामांची, आहेर आणणाऱ्यांची नावं न चुकता पुकारली, त्याला स्वतःच्या बायकोला हाक मारता येईना.

मॅडमनी मुदतीआधीच नोकरी सोडली आणि त्या कन्हानला भावाकडे राहायला गेल्या. निरोपसमारंभ नको म्हणाल्या. एक दिवस खोलीत गेलो, तर खुर्चीत तरुण डॉक्टर बसले होते. पडद्याच्या कोपऱ्यात पट्टी होती. ती त्यांनी स्वतः लावली होती. आमचं सॉफ्टवेअर आज बऱ्याच ठिकाणी चालतं. त्यात काही बदल केला, की अजूनही आम्ही ते मॅडमच्या जुन्या रेघांशी ताडून बघतो. नव्या मुलांना या रेघा कोणाच्या ते माहीत नाही. ते त्याला नुसतं खरं माप म्हणतात.

उन्हाळ्यात मी कन्हानला त्यांच्या घरी गेलो. दाराशी पोचलो आणि थबकलो. दारावर पांढरी चिकटपट्टी होती, तीच, दवाखान्यातली. तिच्यावर मॅडमच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, दार. आत गेलो तर खिडकीवर खिडकी. कूलरवर कूलर. बुद्धाच्या तसबिरीखालच्या फळीवर फळी. स्वयंपाकघरातल्या गंज-पातेल्यांवर आणि डब्यांवर पट्ट्याच पट्ट्या. भाऊ खाटेवर बसला होता. वहिनी चहा टाकत होती, तिच्या पदराला पिनने एक पट्टी अडकवली होती, तिचं नाव लिहिलेली. ती लाजून हसली.

मॅडम आतून आल्या. कोट नव्हता, सुती साडी होती. आणि डाव्या खांद्यावर पट्टी, ताई.

“बस, बाबू. चहा घे. घरभर बोर्ड लागले आहेत, पाहून राहिला ना? आता हा आमचा दवाखाना.”

भावाने मला ओळखलं. नाव आलं नाही, पण “डोक्याचे फोटोवाले” म्हणाला आणि खाटेवर जागा करून दिली. आम्ही चहा घेतला. मॅडम त्याच्याकडून एकेक वस्तू वदवून घेत होत्या. तो हळूहळू वाचायचा, खिडकी, खलबत्ता, आरसा. मग त्या पट्टीवर बोट ठेवून झाकायच्या आणि पुन्हा विचारायच्या. कधी जमायचं, कधी नाही. नाही जमलं की म्हणायच्या, “परत पाहू.”

वहिनी कप उचलून आत गेली तेव्हा मी कित्येक महिने मनात असलेलं विचारलं. “मॅडम, कवटी काढलेल्या त्या चित्रांत तुम्ही त्याचं ओळखलं होतं का?”

“नाही,” त्या म्हणाल्या. “शपथेवर नाही. म्हणून तर झोप लागते मले.”

मग त्या भावासमोर जाऊन बसल्या. खांद्यावरची पट्टी त्यांनी उजव्या तळव्याने झाकली.

“सांग. मी कोण?”

तो पाहत राहिला. त्याचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. कपाळावर घाम आला. मला वाटलं, आता हात काढावा मॅडमनी, वाचू द्यावं त्याला. त्यांनी हात काढला नाही. त्या त्याच्याकडे पाहत वाट बघत होत्या.

“नाव नाही येऊन राहिलं,” शेवटी तो म्हणाला. मग मान थोडी तिरपी करून हसला. “पण तू माह्या घरची होय.”

“बरोबर,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी खांद्यावरची पट्टी सोलून काढली. मी निघेपर्यंत ती त्यांनी परत लावली नाही.